चादरीवरचं मस्टर

कायदा वाचताना ज्यांच्या अंगावर काटा येतो अशी माणसं जगात फार नसावीत. असलीच तर त्यांतली एक म्हणजे आपली ही कायदेबाई. नवा वेतन कायदा हाती पडला त्या दिवशी तिने तो भाजी निवडता निवडता वाचायला घेतला, आणि कलम चौदापाशी येऊन ती एवढ्या जोरात "वा!" म्हणाली की बाहेरच्या खोलीतल्या सासूबाईंना वाटलं, सुनेला लॉटरीच लागली. त्या धावत आल्या, तर हिने त्यांना अख्खं कलम वाचून दाखवलं. सासूबाई बिचाऱ्या मान डोलावून परत गेल्या. त्या दिवशी भाजीत पानांपेक्षा देठं जास्त निघाली.

तेरा वर्षं ती एका बड्या कंपनीच्या पगार खात्यात होती. नवा कायदा आला तशी तिने नोकरी सोडली, दिराच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धं टेबल मागून घेतलं आणि वर पाटी लावली: 'नवा वेतन कायदा पाळण्यासाठी मालकांना मदत'. नवरा पाटी वाचून म्हणाला, "अगं, मालक लोक कायद्याचं नाव काढलं की पळत सुटतात. मदत कसली मागतायत?"

"पळून पळून धाप लागली की येतील," ती म्हणाली.

धाप लागलेला पहिला मालक बाराव्या दिवशी आला. लाँड्रीवाला. घरचे, कामगार, गिऱ्हाइकं, सगळेच त्याला दादा म्हणत, म्हणून तीही म्हणायला लागली. पन्नाशीचा, कपड्यांना साबणाचा वास, आणि कागद पाहिला की हबकणारा. त्याने इस्पितळाचं पत्र टेबलावर पालथं ठेवलं. पत्रात एवढंच होतं: नव्या कायद्याप्रमाणे वेतन देत असल्याचा दाखला तीन महिन्यांनंतरच्या सात तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत कचेरीत पोचला नाही, तर चादरी धुण्याचं काम दुसऱ्याला दिलं जाईल.

"बाई, माझं अर्ध्याहून जास्त काम इस्पितळाचं," दादा म्हणाला. "ते गेलं की बॉयलर बंद. बॉयलर बंद झाला की अकरा माणसं घरी."

"पगार वेळेवर देता ना?"

"एक दिवस पुढेमागे झालेला नाही. पण कागद नाहीत हो माझ्याकडे."

"हजेरीचं मस्टर तरी असेल?"

दादा जरा लाजला. "आहे. पण ते तुम्ही येऊनच बघा."

ती गेली. पुढे काउंटर, मागे घुं घुं करणारी तीन मोठी यंत्रं, त्यांच्या पलीकडे वाफा सोडणारा इस्त्रीचा रोलर आणि घड्या घालायचं लांबलचक टेबल. खिडकीपाशी एका खुर्चीवर दादाची मोठी बहीण, अक्का, मांडीवर फाटकी चादर घेऊन रफू करत होती. एकवीस वर्षांपूर्वी नवरा गेला तशी ती भावाकडे आली, आणि आल्या दिवसापासून लाँड्रीत बसायला लागली. दादाने मस्टर मागितलं तेव्हा अक्का उठली आणि भिंतीवर टांगलेली चादर काढून टेबलावर पसरली.

कायदेबाईला वाटलं, टेबल पुसतायत. मग तिने नीट पाहिलं.

दादाच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण लाँड्रीत गिऱ्हाइकाच्या कपड्यावर रंगीत दोऱ्याची खूण घालतात, तशी तिने माणसांनाही एकेक रंग वाटून दिला होता. ड्रायव्हरचा तांबडा, इस्त्रीवाल्या मामांचा जांभळा, बॉयलरवाल्याचा काळा. दर वर्षाला एक कोरी, पाणी न लागलेली मांजरपाटाची चादर. तिच्यावर बारा महिन्यांच्या बारा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत ज्याची त्याची ओळ. पूर्ण दिवसाला उभा टाका, अर्ध्या दिवसाला आखूड टाका, जादा काम केलं तर टाक्यावर गाठ, सुट्टीला मोकळी जागा. अक्का आली त्याच वर्षी आई गेली आणि सुई अक्काच्या हातात आली. रोज सकाळी आदल्या दिवसाचे टाके घालायचे आणि मगच रफूला बसायचं, हा तिचा नेम.

"मामा, हे काय आहे सांगता?" कायदेबाईने एका आखूड जांभळ्या टाक्यावर बोट ठेवलं.

"त्या दिवशी दाढ काढली," मामा लगेच म्हणाले. मामांना सहीसुद्धा जेमतेम यायची. "दुपारी घरी गेलो होतो. आणि ही गाठ बघा, ती इस्पितळातून एकदम चारशे चादरी आल्या होत्या त्या दिवसाची."

"कलम चौदा!" कायदेबाई ओरडली. बॉयलरवाला दचकून बाहेर आला. "अहो, कलम चौदा! हजेरीची नोंद कोणत्याही टिकाऊ माध्यमावर चालेल, फक्त ती मागाहून बदलता येऊ नये आणि ज्याची त्याला स्वतःला वाचता यावी. टाका उसवला तर भोक राहतं. आणि मामा तर घडाघडा वाचतायत! दादा, मी तेरा वर्षं संगणकातली मस्टरं पाहिली, एकाही कामगाराला ती वाचता यायची नाहीत."

दादाला यातलं अर्धंच कळलं, पण कोणी आपल्या चादरीवर एवढं खूश झालेलं त्याने पहिल्यांदाच पाहिलं.  अक्का परत रफूला बसली.

पुढचे तीन महिने कायदेबाईने लाँड्रीला घर केलं. अकराही जणांना टेबलाभोवती बसवून तिने समजावलं: पगार सात तारखेच्या आत, रोख नाही, ज्याच्या त्याच्या नावाच्या खात्यात, नवऱ्याच्या नाही, मुलाच्या नाही. प्रत्येकाला पगाराची पावती. कापलं काय, कशासाठी, ते पावतीवर. ड्रायव्हरचं खातं तिसऱ्या खेपेला उघडलं, कारण दोन खेपा तो फोटो घरी विसरला. पावत्या छापून आल्या तेव्हा मामा आपली पावती चौकटीत लावतो म्हणाले. सगळं असं झकास जमत आलं होतं. एकच कागद कायदेबाई पुन्हा पुन्हा वाचायची, तो म्हणजे दाखल्याच्या अर्जातलं शेवटचं पान. तिथे तिला, म्हणजे सल्लागाराला, सही करायची होती: 'या ठिकाणी काम करणारी एकही व्यक्ती नोंदीबाहेर नाही, याची मी खात्री केली आहे.' स्वतःच्या नावाने केलेली पहिली सही. ती तिने वहीवर चार प्रकारे करून पाहिली होती.

आणि सात तारीख उजाडली. दाखल्यासाठी सरकारी तपासनीस तीन वाजता येणार होते. कायदेबाई अकरालाच पोचली, पर्समध्ये दोन पेनं, एक निळं आणि एक जास्तीचं निळं.

"गेल्या वर्षीची चादर काढून ठेवूया," ती म्हणाली. "मूळ नोंद लागते. माझ्याकडे फोटो आहेत, पण फोटो चालत नाहीत."

दादाने कपाट उघडलं. वर्षावर वर्ष रचलेल्या चादरी होत्या. सगळ्यात वरची, गेल्या वर्षीची, नव्हती.

कपाट रिकामं केलं. टेबलाखाली पाहिलं, यंत्रांच्या मागे पाहिलं. बॉयलरवाल्याने उगाचच बॉयलरच्या मागेही पाहिलं. अक्का खुर्चीतून उठून आपल्या रफूच्या फळीपाशी गेली, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"इथे होती," ती म्हणाली. "फळीवर घडी घालून ठेवली होती."

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. या माणसाने डोकं खाजवलं की काहीतरी निस्तरायला लागायचं, हे लाँड्रीत सगळ्यांना ठाऊक होतं. "सकाळी सातच्या हॉटेलांच्या फेरीला एक चादर कमी पडत होती," तो हळूच म्हणाला. "फळीवर एक धुतलेली दिसली, घडीत वरून पांढरीच. मला वाटलं, रफू होऊन तयार आहे. उचलली आणि गठ्ठ्यात घातली."

"धुतलेली?" दादाचा आवाज चिरकला. "मस्टर धुतलं? कोणी धुतलं?"

 लाँड्रीच ती. मळकी चादर दिसली की ज्याचा हात मोकळा असेल तो यंत्रात टाकणार. त्यात नवल काय?

"ते नंतर!" कायदेबाई म्हणाली. खरं सांगायचं तर तिला थोडी मजाही वाटत होती. "कुठल्या हॉटेलात गेली?"

"तीन हॉटेलं केली," ड्रायव्हर म्हणाला. "तिघांत मिळून दोनशे दहा चादरी."

दादा मटकन स्टुलावर बसला. कायदेबाईने फोन उचलला. पहिल्या हॉटेलात कोणी दाद दिली नाही. दुसऱ्या हॉटेलातला माणूस म्हणाला, आमच्या सगळ्या चादरी पांढऱ्या असतात, आणि तुमच्याही तशाच असाव्यात अशी अपेक्षा आहे. तिसऱ्या हॉटेलात खोल्यांची देखरेख करणारी बाई फोनवर आली ती वैतागूनच.

"बरं झालं तुमचाच फोन आला! काय चादर पाठवलीत हो? आमच्या नव्या मुलीला ती नक्षीची वाटली, म्हणून तिने सगळ्यात भारी खोलीत घातली. आता तिथला पाहुणा बोंब मारतोय, चादर टोचते म्हणून!"

"टोचते!" कायदेबाई आनंदाने किंचाळली. "दादा, टोचतेय! मिळाली!"

दहा मिनिटांत ती आणि ड्रायव्हर टेम्पोत होते. मागे गाठोडी उड्या मारत होती, पुढे कायदेबाई. एका चौकात रस्ता खणलेला, दुसऱ्यात सिग्नल बंद. ड्रायव्हरने गल्लीबोळ काढले, एका दुकानाच्या फळकुटाला घासून गेला, पण हॉटेलच्या मागच्या दाराला टेम्पो लावला तेव्हा जेमतेम एक वाजला होता.

तिसऱ्या मजल्यावरचा पाहुणा खुर्चीत बसला होता. गलेलठ्ठ, केस विस्कटलेले, तोंड आंबट. रात्रभराचा प्रवास करून झोपायला आलो, तो म्हणाला, आणि पाठीखाली कोणी तांदूळ पसरलेत असं वाटतंय.

"माफ करा साहेब," कायदेबाई चादर ओढून काढत म्हणाली. "तुम्ही अकरा माणसांच्या वर्षभराच्या कामावर आडवे झाला होतात."

"तरीच," पाहुणा म्हणाला, "डोळा लागला नाही."

परतीच्या वाटेवर तिने चादर मांडीवर उलगडली. एकही रंग सुटला नव्हता, अक्काचे दोरे पक्के. कापड मात्र आटलं होतं. कोरा मांजरपाट पहिल्या पाण्याला आटतो, आतला दोरा आटत नाही, म्हणून प्रत्येक टाका वर उचलला गेला होता. बिचाऱ्या पाहुण्याचं काही खोटं नव्हतं. तिने पहिल्या महिन्याच्या ओळींवरून बोट फिरवलं, तांबडी, जांभळी, काळी, करत अकराव्या ओळीपर्यंत. बोट चौकटीच्या खालच्या कडेकडे घसरलं आणि तिथेही टोचलं.

तिथे रंग नव्हता. तिने चादर खिडकीतल्या उन्हात धरली. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे टाके होते, एका रांगेत, बारीक, सारखे. दुसऱ्या चौकटीत पाहिलं, तिथेही. बाराही चौकटींत होते. इतरांच्या ओळींत दर आठवड्याला सुट्टीची मोकळी जागा होती. या ओळीत एकही नव्हती. आणि गाठी तर किती!  तिने वर्ष पालथं घातलं आणि आठव्या महिन्यात तिला तीन मोकळ्या जागा सापडल्या, एकापुढे एक. त्याच तीन दिवसांचे वरचे रंगीत टाके बघितले तर ते वाकडेतिकडे, एक तर चक्क शेजारच्या ओळीत शिरलेला. म्हणजे त्या तीन दिवसांत सुई दुसऱ्याच्या हातात होती.

"सापडलं ना सगळं?" ड्रायव्हरने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "जरा जास्तच सापडलं."

तिला सगळं कळलं होतं, आणि त्याबरोबर तिच्या तोंडचं पाणीही पळालं. बारावी ओळ दाखवली तर दाखला अडणार. नाही दाखवली तर कोणाच्या बापाला दिसणार नव्हती ती.

टेम्पो लाँड्रीत शिरला तेव्हा अडीच वाजले होते आणि तपासनीस आधीच येऊन बसले होते. किडकिडीत गृहस्थ, स्वतःची पाण्याची बाटली स्वतः आणणारे. दादाने दिलेला चहा त्यांनी बाजूला सरकवून ठेवला होता. त्यांनी खाती तपासली, पावत्या तपासल्या. मग चादर पसरायला सांगितली. मामा आले, जांभळ्या ओळीवर बोट ठेवून दाढेपासून चारशे चादरींपर्यंत सगळं वाचून गेले. ड्रायव्हरने आपली ओळ वाचली. तपासनिसांनी कलम चौदा स्वतःशी पुटपुटलं, एक टाका नखाने ओढून पाहिला, आणि पहिल्यांदाच हसले.

"नोकरीत बावीस वर्षं झाली," ते म्हणाले. "असं मस्टर पाहिलं नव्हतं. छान. सल्लागारांची सही झाली की मी माझी करतो."

त्यांनी शेवटचं पान कायदेबाईपुढे सरकवलं. दादाचा जीव भांड्यात पडला, तो हात जोडूनच उभा राहिला. कायदेबाईने निळं पेन काढलं. 'एकही व्यक्ती नोंदीबाहेर नाही.' खिडकीपाशी अक्का रफू करत होती, पण सुई चालत नव्हती.

कायदेबाईने पेनाचं टोपण परत लावलं.

"साहेब, अजून एक ओळ आहे," ती म्हणाली. "हात फिरवून बघा. चौकटीच्या खाली."

तपासनिसांनी हात फिरवला, चष्मा काढला, चादरीला नाक लावलं. "ओळी बारा," ते म्हणाले. त्यांचं हसू गेलं होतं. "पगार अकरा जणांना. ही ओळ कोणाची?"

"आम्हाला नाही माहीत!" दादा गडबडला. "बाई, हे काय?"

"दादा, आठव्या महिन्यात हे तीन दिवस टाके कोणी घातले?"

दादाने वाकून पाहिलं. "हे... हे मी. वाकडे आहेत ना? अक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा. ती तीन दिवस आली नव्हती." आणि मग त्याने खालच्या तीन मोकळ्या जागांवर बोट ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं.

 तपासनिसांनी घसा साफ केला. माणूस कडक होता, पण दुष्ट नव्हता. "घरच्या व्यक्तीला कायद्यात सूट आहे," ते म्हणाले. "कलम तीन. त्या व्यक्तीने फक्त लेखी द्यायचं, की मी माझ्या खुशीने काम करते, मोबदला नको. मग अडचण नाही."

दादाने कोरा कागद घेतला आणि खिडकीकडे गेला. कायदेबाईला वाटलं, झालं, अक्का आता लिहून देणार. अशा बायका देतातच.

"अक्का, दोन ओळी लिहून दे गं," दादा म्हणाला. "सगळं मार्गी लागेल."

"लिहून दिलंय की," अक्का म्हणाली. "वर्षभर देतेय. चादरीवर आहे."

"अगं, पण तू घरची!"

"घरची म्हणून तर पांढरा दोरा घेतला. परकी असते तर तुझ्याकडे रंग मागितला असता." तिचा आवाज चढला नव्हता. "आईच्या नियमात होतं, जो काम करेल त्याचा टाका. मी काम केलं. टाका घातला. कोणाला दिसू नये असाच घातला. पण घातला."

दादाने कागद तसाच खाली ठेवला. मग तो टेबलापाशी आला आणि चादरीवरून बोट फिरवायला लागला, एकेका टाक्यावरून, मोजत. दोन महिने मोजून झाल्यावर त्याचे डोळे भरले आणि त्याने मोजणं सोडून दिलं.

"एकसुद्धा सुट्टी नाही गं," तो म्हणाला. आणि तपासनिसांकडे वळून, "बारा लिहा साहेब. बारा माणसं आहेत आमच्याकडे. पुढे काय करायचं ते सांगा."

"थकलेलं वर्षभराचं वेतन आजच्या कामकाजाच्या वेळेत त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा झालं, तर मी ते पाळलं असं धरतो," तपासनीस म्हणाले. "उद्या नाही धरता येणार. साडेतीन झालेत."

कायदेबाईच्या अंगात वारं शिरलं. हेच, ह्याच्यासाठीच तर तिने नोकरी सोडली होती! तिने संगणक ओढला. मामा गाठी मोजायला बसले, बॉयलरवाला टाके, ड्रायव्हरला तिने काहीच मोजायला दिलं नाही. रफू कामगाराचा दर, सुट्टीच्या दिवशी दुप्पट, गाठींचं वेगळं. रकमेचा आकडा आला तेव्हा दादाने नवीन बॉयलरसाठी ठेवलेल्या ठेवीचं नाव घेतलं आणि म्हणाला, जुना अजून वर्षभर तरी खोकत खोकत चालेल. बॉयलरवाल्याने मान डोलावली. आणि मग कायदेबाई आकडा भरता भरता एकदम थांबली.

"खातं!" ती म्हणाली. "अक्कांच्या नावाचं खातं कुठेय? आज उघडायचं म्हटलं तरी..."

अक्काने बटणांचा डबा उघडला. वरची बटणं बाजूला सारून तळातून एक पासबुक काढलं, कोरं करकरीत.

"तीन महिन्यांपूर्वी तू सगळ्यांना सांगत होतीस ना, पोरी," ती म्हणाली. "ज्याच्या त्याच्या नावाचं हवं म्हणून. मी इथेच बसले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन उघडलं. फोटो विसरले नाही."

ड्रायव्हर तेवढा खिडकीबाहेर बघायला लागला.

चार वाजून वीस मिनिटांनी बटणांच्या डब्याशेजारी ठेवलेला अक्काचा फोन टिंग वाजला. तिने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. मामांना वाचता येत नव्हतं, तरी तेच पहिल्यांदा तिच्या खांद्यावरून डोकावले. आकडा कोणीतरी मोठ्याने वाचला आणि लाँड्रीत असा काही गलका झाला की रस्त्यावरची दोन गिऱ्हाइकं, भांडण बघायला मिळेल म्हणून, काउंटरपाशी आली. कायदेबाईने सही केली. चार प्रकारांपैकी एकही आठवला नाही, घाईत भलतीच झाली. तपासनिसांनी आपली सही केली, आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. दाखला लगेच ईमेलने गेला, आणि पाचला सात मिनिटं कमी असताना इस्पितळाच्या कचेरीतून उत्तर आलं: दाखला पोचला, काम तुमच्याकडेच.

तपासनीस गेले. दादा मात्र उघड्या कपाटापुढे उभा होता, जुन्या चादरींच्या ढिगावर हात ठेवून.

"अक्का, ह्या सगळ्यांत आहे का तुझी ओळ?"

"मी आले त्या वर्षाची सोडून, पुढच्या सगळ्यांत."

"तिच्यात का नाही?"

"तेव्हा वाटायचं, चार दिवस राहीन आणि जाईन. तेव्हा मी पाहुणी होते."

दादाने एक चादर काढून घेतली. कायदेबाई पुढे झाली. कायदा एका वर्षामागे जात नाही हे तिला सांगायलाच हवं होतं, तिचं कामच होतं ते, आणि तिने सांगितलं.

"कायदा नसेल जात," दादा म्हणाला. "मी जाईन ना. एका वर्षाला एक चादर, असं करत जाईन." आणि ती चादर घेऊन तो धुलाईच्या यंत्राकडे गेला.

कायदेबाई अक्काच्या शेजारी जाऊन बसली. दुपारपासून एक गोष्ट तिच्या डोक्यात घोळत होती.

"अक्का, कोरी चादर धुतली की आटते आणि टाके वर येतात, हे इथे सगळ्यांत चांगलं कोणाला माहीत असेल?"

अक्काने सुईत दोरा ओवायला घेतला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी पहिल्याच झटक्याला ओवला. "माझ्या हातून एकवीस वर्षांत चुकीच्या यंत्रात साधा रुमाल गेलेला नाही," ती म्हणाली. "काल मीच टाकली. साहेबांनी हात फिरवला की लागेल, म्हटलं. तोंडाने सांगायला जमलं नसतं गं मला." मग तिने ड्रायव्हरकडे एक जळजळीत नजर टाकली. "पण हॉटेलात कोणी पाठवायला सांगितली होती? माझा तर प्राणच गेला होता दुपारपर्यंत!"

तिने भिंतीवरची नव्या वर्षाची चादर मांडीवर ओढून घेतली. कापडावर या महिन्याचे सहा दिवस होते, अकरा रंगांचे. बाराव्या ओळीतले पांढरे टाके तिने एकेक करून उसवले. भोकं राहिली, ती राहू दिली.

"कोणता रंग घेताय?" कायदेबाईने विचारलं.

अक्काने सुई उजेडात धरली. दोरा पोपटी होता, अगदी डोळ्यांत भरणारा.

"हा," ती म्हणाली. "काउंटरपासून दिसतो."